सक्ती कोणावर? शिक्षणहक्क कायद्याचं एक वाचन



आज आम्ही समीक्षेसाठी जो मजकूर घेतला आहे तो ललित नाही आणि दर्शनग्रंथही नाही. ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009’ असं त्याचं लांबलचक नाव. चाळीसच्या आत कलमं, शेवटी एक छोटी अनुसूची. एका बैठकीत वाचून होतो. तरी आमचा अनुभव असा की ह्या कायद्यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात, तो वाचलेले फार थोडे.

आम्ही वकील नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलाही मजकूर हाती आला की त्यातला कर्ता कोण, कर्म काय आणि क्रियापद कुठलं, हे शोधायची खोड लागली आहे. ‘कायदा उत्तम आहे हो, अंमलबजावणी होत नाही’ हे वाक्य आपण प्रत्येक परिसंवादात ऐकतो. आमचं म्हणणं थोडं निराळं आहे. अंमलबजावणीत जी भोकं दिसतात त्यांतली बरीचशी मजकुरातच आहेत. ती दाखवायला दिल्लीला जायची गरज नाही, आपला नगर जिल्हा पुरतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ सत्तरीची आहे, तिला थोडा वेळ द्या.)

सुरुवात नावातल्या एका शब्दापासून करू. ‘सक्तीचं’. सक्ती म्हटली की दोन पक्ष आले, एक करणारा आणि एक सोसणारा. मग शिक्षणाच्या सक्तीत सक्ती कोणी कोणावर करायची?

ह्या प्रश्नाचं जुनं उत्तर सरळ होतं: सरकारने पालकांवर. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं आणि पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात सक्ती आणली, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. पुढे मुंबई प्रांताच्या 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातही तेच: पालकाला हजेरीचा आदेश, आदेश मोडला तर दंड. ह्या सगळ्यांची तळमळ खरी होती, त्याबद्दल वादच नाही. पण व्याकरण बघा. कर्ता सरकार, आणि सक्ती आईबापावर.

आता 2009 चा कायदा. कलम 8 खाली एक स्पष्टीकरण आहे. त्यात ‘सक्तीचं शिक्षण’ ह्याचा अर्थ असा दिला आहे की शिक्षण पुरवण्याचं आणि प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी व पूर्तता ह्यांची खात्री करण्याचं बंधन सरकारवर आहे. पालकांचं कर्तव्य कलम 10 मध्ये आहे, एका वाक्याचं, आणि त्याला दंड जोडलेला नाही. म्हणजे सव्वाशे वर्षं जी सक्ती आईबापाच्या मानगुटीवर होती ती उचलून सरकारच्या खांद्यावर ठेवली. आमच्या मते आधुनिक भारताच्या कायद्यांतलं हे एक मोठं वैचारिक वळण आहे, आणि त्याची नीट दखल कोणी घेतली नाही. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती खासगी शाळांतल्या पंचवीस टक्क्यांची.

इतकं कौतुक केल्यावर आता दुसरी बाजू.

आपल्याकडच्या मीमांसकांनी विधिवाक्यांचा जो विचार केला तसा जगात फार थोड्यांनी केला असेल. त्यांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी म्हणजे ‘हे कर’ अशी आज्ञा, अर्थवाद म्हणजे तिची स्तुती. संविधानाचं मूळ कलम 45 होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. ती दहा वर्षं 1960 ला संपली. प्रयत्न करील, म्हणजे अर्थवादच तो. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला, 2002 मध्ये 86 वी घटनादुरुस्ती होऊन कलम 21-क आलं, आणि 1 एप्रिल 2010 पासून कायदा लागू झाला. अर्थवादाचा विधी झाला.

पण मीमांसक तिथेच थांबत नाहीत. नित्यकर्म केलं नाही तर काय, असं विचारतात. उत्तर आहे, प्रत्यवाय लागतो. न करणाऱ्याच्या माथी दोष चढतो. हा प्रश्न ह्या कायद्याला विचारून बघा. कलम 13: देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपये, पुढे दर वेळी पन्नास हजार. कलम 18: मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत, आणि चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. कलम 17: मुलाला मारलं तर शिस्तभंगाची कारवाई. कलम 24: शिक्षकाने आपलं काम केलं नाही तर त्याच्यावरही. संस्थाचालकाला प्रत्यवाय आहे, शिक्षकाला प्रत्यवाय आहे. कलम 8 मोडणाऱ्या सरकारला? कलम 9 मोडणाऱ्या जिल्हा परिषदेला? काही नाही. मजकूर तिथे गप्प आहे. तक्रार करायची तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावाकडे जिल्हा परिषदेकडेच. ज्याने कर्तव्य चुकवलं त्यालाच लेखी कळवायचं, त्याने तीन महिन्यांत निकाल द्यायचा, पटलं नाही तर बालहक्क आयोगाकडे अपील.

कोणी म्हणेल, मूलभूत हक्क आहे, उच्च न्यायालय आहे की. आहेच. त्याकडे येतो. आधी पाथर्डीला जाऊ.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला प्रवरेच्या पाटपाण्यावरचे राहाता, श्रीरामपूर, संगमनेर, खाली राहुरी, आणि गोदावरीच्या कालव्यांवरचा कोपरगाव. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा, तो ह्याच पट्ट्यातला. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, शेवगावचा काही भाग, जामखेड: पर्जन्यछायेतली कोरडवाहू जमीन. एक बाजू ऊस लावते, दुसरी तोडते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं टोळ्यांनी निघतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, ही मोजणीची पद्धतच किती बोलकी आहे बघा. काही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, काही आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला. चार-पाच-सहा महिने पाचटाच्या कोप्यांत काढायचे आणि पट्टा पडला की परत. बरोबर मुलं असतात. थोरलं धाकट्याला सांभाळतं, बारा वर्षांचं झालं की मोळ्या बांधू लागतं, वाढे गोळा करतं.

आमच्या वर्गात अशा घरांतली मुलं असायची, थोडी. त्यांच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाबद्दल विचारलं की ती शाळेचं नाव सांगायची नाहीत, आजीचं नाव सांगायची. ‘आजीपाशी ऱ्हायलो म्हणून शिकलो.’ राष्ट्रीय शिक्षणव्यवस्था एका आजीच्या प्रकृतीवर उभी असते, हे आम्हांला कुठल्या अहवालात वाचायला मिळालं नाही.

आता कायदा ह्या मुलाकडे कसा बघतो? दर वर्षी 30 सप्टेंबरची पटसंख्या धरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं. सप्टेंबरअखेर हे मूल पाथर्डीच्या वस्तीशाळेत पटावर असतं. त्याच्या नावावर तिथल्या शिक्षकाची जागा टिकते. नोव्हेंबरात मूल राहात्याच्या शिवारात असतं, आणि तिथल्या शाळेला त्याच्या नावावर काही मिळत नाही. वाटेत मुख्याध्यापकाची अडचण बघा. कलम 5 म्हणतं, मूल दुसरीकडे चाललं तर दाखला लगेच द्या. दिला की पट घटला, पट घटला की जागा जाण्याची भीती. मग दाखला कशाला मागता, एप्रिलला येणारच आहात की, असं गोडीत सांगितलं जातं. मुख्याध्यापकाला आम्ही दोष देत नाही. नियमांनी त्याला तसं वागायला भाग पाडलं आहे. ‘शिक्षण हमी कार्ड’ काढून सरकारने ह्यावर तोड शोधली, मूल कार्ड घेऊन जाईल आणि तिकडची शाळा त्याला बसवून घेईल. कल्पना चांगली. पण कार्डाबरोबर शिक्षक जात नाही.

4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. जुलै महिन्यात! तेव्हा धुराडी बंद, टोळ्या गावी, पेरण्या चाललेल्या. ऊसतोडणीमुळे शाळा सुटणारी मुलं मोजायला वर्षातला ह्याहून सोयीचा दिवस सापडला नसता. सोयीचा म्हणजे कोणाच्या, ते तुम्हीच ठरवा.

अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस कामकाज सांगितलं आहे. नीट वाचा. हे दिवस शाळेचे आहेत, मुलाचे नाहीत. शाळा 200 दिवस उघडी राहिली की अनुसूची तृप्त. त्यातले किती दिवस ह्या मुलाच्या वाट्याला आले, हे विचारणारी ओळ अनुसूचीत नाही.

त्यात 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर आपल्या राज्यानेही 2023 मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, फेरपरीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात बसवता येतं. ढकलगाडी बंद झाली म्हणून पुष्कळांना बरं वाटलं. आम्ही परीक्षेच्या विरोधात नाही. आयुष्यभर पेपर तपासले. पण परीक्षा हा दोन पक्षांतला करार असतो: आम्ही शिकवलं, आता तू दाखव. अर्धं वर्ष जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घेणं हा कुठला न्याय? सरकारने आपलं कर्तव्य चुकवलं त्याचा प्रत्यवाय दहा वर्षांच्या मुलावर टाकला, असा ह्याचा अर्थ होतो. जाता जाता सांगतो, ह्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीच्या शाळेने नापास मुलांना मुद्दाम प्रवेश देऊन नाव कमावलं.

आता ज्या ओळीसाठी आम्ही हे व्याख्यान घेतलं त्या ओळीकडे येऊ. कलम 9, स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं. इंग्रजी मूळ समोर ठेवून वाचा, उपकलमांना अ-ब-क दिलेलं आहे. त्यातल्या पाचव्या उपकलमात म्हटलं आहे की आपल्या अधिकारक्षेत्रात राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि पूर्तता ह्यांची खात्री करावी आणि त्यावर देखरेख ठेवावी. तीन शब्द: प्रवेश, हजेरी, पूर्तता. अकरावं उपकलम स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. तिथे काय म्हटलं आहे? त्यांच्या प्रवेशाची खात्री करावी. बस. हजेरी गळाली, पूर्तता गळाली, देखरेख गळाली.

मसुदा करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं असं आम्ही म्हणणार नाही. उलट हेतू चांगला असावा, की ही मुलं सुटू नयेत म्हणून वेगळा उल्लेख करू. पण वेगळा उल्लेख करताना हात आखडला. आणि मीमांसेचा नियम असा की सामान्य वचन आणि विशेष वचन समोरासमोर आले तर विशेष वचन बलवत्तर. तसं वाचलं तर स्थलांतरित मुलाचा हक्क हजेरीपटावर नाव चढेपर्यंतच. आम्ही तसं वाचू नये असं म्हणतो. कोपीत चार महिने राहिलेलं मूल त्या चार महिन्यांपुरतं ‘राहणारं’च आहे, मग त्याला पाचवं उपकलम पूर्ण लागू पडतं, आणि अकरावं त्यात भर घालतं, त्याला छेद देत नाही. दोन्ही वाक्यांना अर्थ राहील असं वाचन असताना एकाला दुसऱ्याने मारायचं कशाला? परंतु हे वाचन कुठल्यातरी न्यायालयापुढे मांडायला कोणी हवा.

इथे ते उच्च न्यायालयाचं उत्तर तपासू. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती, 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. सहा महिन्यांत निकाल. फार चांगलं झालं. गरिबाच्या मुलाचा दरवाजा बंद होता होता राहिला. पण हे शक्य का झालं, तेही बघा. तिथे एक अधिसूचना होती, तिला तारीख होती, ती कोणी काढली हे माहीत होतं, आणि दाद मागणारे पालक त्याच शहरात वर्षभर राहणारे होते. ऊसतोड्याच्या मुलाविरुद्ध अशी कुठलीही अधिसूचना निघालेली नाही. त्याला कोणी नाकारलेलंच नाही. तो पटावर आहे. मग दाद मागायची कशाविरुद्ध? आणि मागणारे आईबाप पहाटे चारला फडात असतात.

साखरशाळांचंही सांगायला हवं. कायद्याच्या आधी जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात, कोप्यांशेजारी शाळा चालवल्या होत्या. मुलं जिथे आहेत तिथे शाळा, साधा विचार. त्यांचं शिक्षण कितपत होत होतं ह्यावर मतभेद आहेत आणि ते आम्ही इथे सोडवत नाही. कायदा आल्यावर शाळेची व्याख्या झाली, मान्यतेच्या अटी आल्या, अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आलं. पाचटाच्या छपराखालची शाळा त्यात बसेना, आणि तिचा आधार सुटत गेला. ह्या अटी गरिबांच्या मुलांना हलक्या दर्जाची शाळा मिळू नये म्हणूनच होत्या, हे विसरू नका. भर पुढे जवळच्या शाळेत प्रवेशावर आणि गावातच ठेवण्याच्या हंगामी वसतिगृहांवर आला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी पर्यायी, नावीन्यपूर्ण शिक्षणकेंद्रांचा उल्लेख पुन्हा आहे. पण धोरण म्हणजे अर्थवाद, कायदा म्हणजे विधी. धोरणात लिहिलं म्हणून कायद्यातली व्याख्या रुंदावत नाही.

मग मजकुरात काहीच आशा नाही का? आहे, आणि तीही कलम 9 मध्येच. शेवटचं, तेरावं उपकलम: शैक्षणिक वर्षाची आखणी करणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. हे वाचून आम्ही दोनदा चष्मा पुसला. जूनची सुरुवात, दिवाळीची सुटी, मे महिन्याची सुटी हे सगळं आपण देवाने घालून दिल्यासारखं पाळतो, आणि कायदा ते जिल्हा परिषदेच्या हाती देतो. राज्याच्या आदेशांपुढे जिल्हा परिषदा तो अधिकार वापरत नाहीत ही गोष्ट वेगळी. पाथर्डीतल्या शाळांना एप्रिल-मेमध्ये, टोळ्या परतल्यावर, सकाळच्या वेळी वर्ग घेऊन बुडालेले दिवस भरता येतील की नाही, हा प्रश्न निदान सभागृहात तरी विचारता येईल.

आणि आपल्या जिल्ह्यात तर पळवाट आणखी छोटी आहे. पाथर्डी आणि राहाता ह्यांची जिल्हा परिषद एकच. जे मूल जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलतं त्याच्याबाबतीत ‘ते आमच्या क्षेत्रात राहत नाही’ असं म्हणायची सोयच नाही. पाठवणारं प्राधिकरण तेच, घेणारंही तेच. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एक शिक्षक पाच महिन्यांसाठी हलवायला राष्ट्रीय धोरण लागत नाही. 30 सप्टेंबरच्या मोजणीबरोबर डिसेंबरात गळिताच्या पट्ट्यात दुसरी मोजणी करून शिक्षकांची तात्पुरती नेमणूक करायला मात्र राज्याची मान्यता लागेल, आणि तिथे कोणीतरी ती मागावी लागेल.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘ह्या मुलींच्या लग्नांचं काय?’ वेळ संपत आला आहे, पण हे टाळता येणार नाही. कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. चौदा पूर्ण झाली की विधी संपतो, आणि नेमकी तेव्हाच मुलीला कोपीवर ठेवायची भीती आईबापाला वाटू लागते. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्याला उचल मिळते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, 41 तालुक्यांत मिळून 82 वसतिगृहं, निम्मी मुलींची. ती चांगली चालली तर नववी-दहावीच्या मुलीला गावाजवळ राहायला जागा मिळेल. पण योजना आणि हक्क ह्यांत फरक आहे. वसतिगृहात जागा नाही म्हटलं तर आठवीतली मुलगी कायद्याचं पुस्तक दाखवू शकते, नववीतली विनंतीअर्ज करू शकते. वय अठरापर्यंत न्यावं ही मागणी जुनी आहे, 2020 चं धोरणही तीन ते अठरा म्हणतं, कायद्यात मात्र अजून सहा ते चौदाच आहे. दुसरी चिठ्ठी इंग्रजी माध्यमाबद्दल दिसते. ती पुढच्या वेळी घेऊ.